चोपन्न सालच्या नमुन्याची तारीफ

आमच्या हवाई तळावरच्या बाँबकोठाराचा प्रमुख सावेली लुकिच प्ताखिन हा माणूस वाईट नव्हता. फक्त बाँबखेरीज त्याला दुसरी उपमा सुचत नसे. कुणाचं तान्हं बाळ पाहायला गेला, तर आईला कौतुकानं म्हणाला, "डोकं जड आहे, उत्तम. सरळ खाली येईल." कोठाराचा नियम असा, की बाँब एकीकडे ठेवायचे आणि त्यांचे फ्यूज दुसरीकडे, गाठ घालायची ती अगदी विमानाला टांगताना. सावेलीनं स्वतःची जीभ आणि डोकंही याच नियमानं ठेवलं होतं. टांगताना मात्र गाठ घालायला तो विसरे.

कँटीन चालवणाऱ्या ग्लाफिरा तिखोनोव्नावर त्याचा जीव होता. ती विधवा, अंगानं भरलेली, आणि तिच्या हातच्या बोर्श्चसाठी, बीटच्या त्या लाल सूपासाठी, वैमानिक उड्डाणं रद्द व्हावीत म्हणून आकाशाकडे आशेनं पाहत. आठ मार्चला, महिला दिनी, पुरुषांनी पेले उंचावून बायकांचं कौतुक करायचं असतं. सावेलीनं ठरवलं, आज सगळ्यांदेखत मन मोकळं करायचं.

तो उठला. पेला छातीशी धरला.

"अडीचशे किलोच्या बाँबचे आपल्याकडे दोन नमुने आहेत," तो म्हणाला. मी शेजारीच होतो. मी त्याचा सदरा ओढला. उपयोग झाला नाही. "एक बासष्ट सालचा. लांबट, सडपातळ, टोकदार. आणि एक चोपन्न सालचा. आखूड, जाड, तोंड बोथट. ग्लाफिरा तिखोनोव्ना, तुम्ही अगदी चोपन्न."

कँटीन हसून हसून टेबलांखाली गेलं. ग्लाफिरानं पळी खाली ठेवली. शांतपणे. तिथल्या कुणीही ती पळी इतकी शांत यापूर्वी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून सावेलीच्या वाडग्यात नुसतं लाल पाणी. बीट तेवढं लांबून हात दाखवून गेलेलं. मांस शेजाऱ्याला, लापशीची करपलेली खरवड याला. ऑगस्टपर्यंत हा माणूस चोपन्नचा बासष्ट झाला. पट्ट्याला नवी भोकं पाडायलाही बिचारा फ्यूज बसवायचं हत्यार वापरी.

"माफी माग की," मी म्हणालो.

"मागितली."

"काय म्हणालास?"

"म्हटलं, चोपन्नला वाऱ्याचा विरोध जास्त होतो हे खरं, पण..."

"पुढचं नको सांगू."

त्यातच बातमी आली, की ग्लाफिरा सप्टेंबरात साराटोवला बहिणीकडे कायमची निघाली. सावेलीनं जेवणच सोडलं. त्या जेवणाचा विचार करता हा मोठा त्याग नव्हता, पण तो रोज कँटीनच्या दारापर्यंत येई आणि टोपी कुरवाळत परत जाई. ते बघवत नसे.

ऑगस्टात विमानदलाच्या दिवशी घरच्या मंडळींसाठी तळ खुला होतो. कर्नलसाहेबांनी रिकामे बाँब मांडायला सांगितले आणि लापशीची फिरती चूल नेमकी त्यांच्या शेजारी लावायला लावली. सावली तेवढीच होती. ग्लाफिरा पाठ करून ढवळत उभी राहिली. सावेली बायकापोरांना सांगत होता, आणि मी पाहिलं, तो बोलत पोरांशी होता पण आवाज चुलीपर्यंत पोचवत होता.

"हा बासष्टचा. पंखाखाली बाहेर टांगतात. ऊन, पाऊस, वारा सगळं याच्या अंगावर. म्हणून सडपातळ केलाय. कुठल्याही विमानाला चालतो." मग तो चोपन्नपाशी गेला. त्याचा रंग ताजा होता आणि तोंडाभोवतीचं कडं चहाच्या समोवारासारखं चकचकीत. "हा बाहेर टांगायचा नाही. याला विमान पोटात घेतं. दारं लावून घेतं. वारा लागू देत नाही."

पळी थांबली.

"आणि मग?" ग्लाफिरानं वळून विचारलं. "मग दारं उघडून खाली टाकून देतं. असंच ना, सावेली लुकिच?"

पोरं हसली. सावेलीचा चेहरा पडला. पाच महिने उपमा घासूनपुसून ठेवली, आणि तिला खालून भोक होतं.

"टाकणारे ते," विमानांकडे हात करून तो म्हणाला. "सरावाला काँक्रीटचे खोटे बाँब नेतात. मी कोठारातला माणूस. मी टाकत नाही, ठेवतो. चोपन्नचा एकही माझ्याकडून बाहेर गेलेला नाही. हिवाळ्यात ताडपत्री घालतो."

ग्लाफिरानं हात पुसले, पुढे आली, बोथट तोंडावर टकटक केली.

"हे कडं कशाला?"

"वेगात डगमगू नये म्हणून."

"आणि वजन अडीचशे?"

"ते नावाला. काट्यावर दोनशे चौतीसच भरतं."

"म्हणजे दिसतो त्याहून हलका."

"बराच."

"मग मार्चमध्ये आधी हे सांगायचं होतंस तू, मूर्खा," ती म्हणाली. तिच्या तोंडून त्याला 'तू' ऐकू आलं ते तेव्हा पहिल्यांदा.

तिनं वाडगं भरलं. लापशीवर मांस इतकं, की कर्नलसाहेब आपल्या वाडग्याकडे आणि त्याच्या वाडग्याकडे आळीपाळीनं पाहत राहिले. सावेली चोपन्नला टेकून, उभ्यानं, एक शब्द न बोलता जेवला.

साराटोवची बहीण ऑक्टोबरात इकडेच आली, लग्नाला. आता आठ मार्चला सावेलीच्या वतीनं पेला मी उंचावतो. ग्लाफिराची तशी सक्त ताकीद आहे.