मशीनमध्ये दोष नव्हता

माझे मामा दात बनवायचे. ते दातांचे डॉक्टर नव्हते. डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचा ठसा घेऊन पाठवायचे आणि मामा त्यावरून कवळी घडवायचे. जिन्यामागच्या दोन खोल्यांत त्यांची कार्यशाळा होती. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीनं घातलेला नंबर. "अर्धी वस्ती माझ्या दातांनी हसते," ते म्हणायचे, "आणि उरलेली अर्धी माझ्याच दातांनी भांडते." स्वतः मात्र मोजकंच हसायचे. तीस वर्षं मेण, प्लास्टर आणि कानस यांतच गेली. मामी म्हणायची, "ह्यांना सुट्टी दिली तर तीसुद्धा घासून गुळगुळीत करून ठेवतील."

मामांच्या सत्तावन्नाव्या वर्षी एक बाई समोरच्या दातासाठी आल्या. समोरच्या दाताचा रंग जुळवायला माणूसच पुढ्यात लागतो, म्हणून डॉक्टरांनी त्यांना थेट कार्यशाळेत धाडलं होतं. बांधकामावर उंच क्रेन चालवायच्या त्या. मामा खिडकीच्या उजेडात रंग जुळवत असताना बाईंनी आ वासलेल्या तोंडानंच काहीतरी विचारलं. मामांना एक अक्षर कळलं नाही. तोंड मिटल्यावर उलगडा झाला. "मास्तर, तुमच्याकडे अगदी बारीक ड्रिल असेल ना?"

त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला भाग काढला. रिमोटवर उडणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरचं ते डोकं होतं, ज्याला पाती बसतात तो भाग. आत एक स्क्रू तुटून अडकला होता. मामांनी तो दहा मिनिटांत काढला आणि पुढचा अर्धा तास ते डोकं हातात फिरवत बसले. कुठली दांडी ओढली की कुठलं पातं किती कलतं, हे त्यांनी बाईंना चारचारदा विचारलं. महिन्याभरात त्यांच्या टेबलावर जबड्यांच्या शेजारी स्वतःसाठी मागवलेल्या हेलिकॉप्टरच्या सुट्ट्या भागांचा एक खोका येऊन बसला.

जोडायला चार महिने लागले. पात्यांची जोडी एका खिळ्यावर तराजूसारखी तोलून, हलक्या पात्याला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यांनी वजन सारखं केलं. मग एका टोकाला लाल पट्टी, दुसऱ्याला निळी. पाती फिरायला लागली की दोन्ही टोकं एकाच पातळीत जायला हवीत. एक वर आणि एक खाली गेलं तर लाल आणि निळी अशा दोन वेगळ्या रेघा दिसतात. मामांनी यंत्र जड फळीला घट्ट बांधलं आणि ते लांब जाऊन जमिनीवर पालथे पडले. मामी दाराआड टबाचं झाकण ढालीसारखं धरून उभी.

"अहो, पातं सुटलं तर?"

"तर तू वाचशील. झाकण तुझ्याकडे आहे."

पात्याच्या दांडीचा अर्धा आटा फिरवायचा, चालवून बघायचं, बंद करायचं, पुन्हा अर्धा आटा. दुपारपर्यंत दोन रेघांची एक झाली. मामा उठून कपडे झटकत म्हणाले, "जमलं." त्या एका शब्दात मी त्यांचा एवढा आनंद आधी कधी ऐकला नव्हता.

रविवारी सकाळी बंद पडलेल्या एका कारखान्यामागच्या मैदानावर गेलो. बाई आणि आणखी चार-पाच हौशी दर रविवारी तिथं अशी यंत्रं उडवायचे. गाडी मी चालवायचे. बाईंनी यंत्राच्या पायांना आडव्या काठ्या बांधल्या होत्या, उलटू नये म्हणून. मामांनी रिमोटवरची काडी हळूच पुढे सरकवली. गवत आडवं झालं आणि यंत्र वीतभर उचललं गेलं. पण उचललं गेलं आणि थरथरू लागलं, हुडहुडी भरल्यासारखं. मामांनी घाईघाईनं खाली घेतलं.

"पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्याही. मामा पछाडल्यासारखे झाले. मधला दांडा वाकलाय म्हणून बदलला. बेअरिंग बदलली. शेपूट सरळ ठेवणारा जायरो जास्तच तिखट आहे म्हणून थोडा मवाळ केला. वहीत दर आठवड्याला काय बदललं ते लिहायचे आणि खाली एकच शेरा: थरथर कायम. "दोष आहे म्हणजे सापडलाच पाहिजे," ते मला म्हणाले. "दात टोचतो म्हणणारा माणूस कधी खोटं बोलत नाही."

सहाव्या रविवारी बाई म्हणाल्या, "द्या बघू एकदा माझ्याकडे."

त्यांनी रिमोट घेतला. यंत्र सरळ वर गेलं, छातीच्या उंचीवर थांबलं आणि हवेत खिळा ठोकून टांगल्यासारखं स्थिर राहिलं. आजूबाजूच्या चार-पाच जणांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी ते अलगद उतरवलं आणि त्या हसून वळल्या. "मास्तर, यात काही म्हणजे काही दोष नाही! माझ्यापेक्षा तुमचंच मशीन..."

त्या मध्येच थांबल्या. मामा आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. हात मोकळा होता आणि त्याचा अंगठा आपला आपण हलत होता, गोळी वळत असल्यासारखा. मामांनी हात खिशात घातला.

परतताना ते गाडीत एकच शब्द बोलले. "सापडला."

घरी येऊन त्यांनी मामीला समोर बसवलं. मी उठायला लागले तर म्हणाले, "थांब तू." मग हात टेबलावर ठेवला. मामीच म्हणाली, "तुमचा पेपर हलतो वाचताना. वर्ष होईल आता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

काम करताना तो हात शांत असायचा. रिकामा झाला किंवा नुसता टेकवला की हलायचा. म्हणून मेणाच्या कामात त्यांना तो कधी कळलाच नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं आपटायला लावली आणि आजाराचं नाव सांगितलं. बरा होत नाही, गोळ्यांनी आवरतो, म्हणाले. मामांनी फक्त विचारलं, "समोरचे दात किती दिवस करता येतील?" डॉक्टरांना प्रश्न कळायला वेळ लागला.

दोन महिने ते मैदानावर गेले नाहीत. यंत्र कपाटावर, वर जुनी चादर. मग एके दिवशी बाईच कार्यशाळेत आल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

"मास्तर, वर क्रेनमध्ये माझाही हात हलतो. वाऱ्यानं, भीतीनं, कशानंही. पण दांडा मध्यावरून थोडासा हलला तर क्रेन दखलच घेत नाही. नाहीतर खाली रोज कोणी ना कोणी चिरडलं असतं. तुमच्या रिमोटलाही तसं शिकवता येतं."

"म्हणजे मशीनला फसवायचं?"

"फसवायचं कशाला? ऐकण्यासारखं तेवढंच ऐक म्हणायचं."

मामांना ते लागलं. बाई गेल्यावर म्हणाले, "माझी सोय करायला निघाल्या." पण रविवारी मी गाडी काढली तेव्हा ते यंत्र घेऊन फाटकात उभे होते. मामीही होती, पहिल्यांदाच.

बाईंनी रिमोटमध्ये आकडे बदलले, काड्यांना लांब टोपणं बसवली, म्हणजे नुसता अंगठा न टेकवता त्या चिमटीत धरता येतील. मामांनी काडी सरकवली. यंत्र उठलं. किंचित डोललं, पण थरथरलं नाही. छातीच्या उंचीवर त्यांनी ते धरून ठेवलं. मग दहा पावलं पुढे नेलं, थांबवलं, मागे आणलं. मामीनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत वळ होते. उतरताना यंत्र एका बाजूला कललं, काठीचं टोक मोडलं. मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते गवतात बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले, बराच वेळ.

त्यानंतर ते तीन वर्षं उडवत होते. समोरचे दात त्यांनी दुसऱ्याच वर्षी सोडले, मग दाढा, मग कार्यशाळाच. तिसऱ्या वर्षीच्या एका रविवारी त्यांनी यंत्र नीट उतरवलं, पाती थांबायची वाट बघितली आणि बॅटरी काढली.

"आता बस," ते म्हणाले.

"अजून एक बॅटरी भरलेली आहे," मी म्हटलं.

"आज नीट उतरलंय. पुढच्या वेळचं मला सांगता येत नाही." त्यांनी रिमोट बाईंच्या हातात दिला. "खाली बरीच माणसं उभी असतात."

बाईंनी तो घेतला. मामीनं बॅटरी पिशवीत टाकली आणि मामांना उठायला हात दिला.