दार आतून कुणीतरी ओढायचं

मंचरबाहेर आमची केळीच्या रोपांची टिश्यू कल्चर लॅब होती. दोन हजार एकचा उन्हाळा असेल... मी नवीकोरी सुपरवायझर, अंगात शहाणपण मावत नव्हतं.

बाटल्यांत रोपं लावायची खोली म्हणजे आमचं सोवळं. तिथे गाळलेली हवा सतत आत सोडलेली असायची, म्हणजे दार उघडलं की हवा बाहेर रेटली जाणार आणि धूळ आत येणार नाही. त्यामुळे दार नेहमी जोर लावून लोटावं लागे.

त्या उन्हाळ्यात मात्र जेवणानंतर कडी काढली की दार आपोआप आत जायचं... आतून कुणीतरी ओढल्यासारखं. आणि कमलताईंच्या बाटल्यांत बुरशी धरू लागली. फक्त त्यांच्याच.

कमलताई घोडेगावच्या वरच्या डोंगरातून पहिल्या एसटीने यायच्या. नवरा वारल्यापासून घर त्यांच्याच पगारावर होतं. बाकीच्या बायका कुजबुजायच्या, ही आली की हिच्यामागून कुणीतरी आत येतं. मी एमएस्सी झालेली, हसण्यावारी नेलं... पण त्या दाराची मलाही भीती वाटायची. तरी शनिवारी त्यांना कामावरून कमी करायचं मीच ठरवलं होतं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत पॅसेजमध्ये उदबत्तीचा वास आला. लॅबमध्ये धूर, म्हणून मी तणतणत गेले. बंद दाराशी कमलताई उदबत्ती धरून उकिडव्या बसल्या होत्या.

"म्याडम, जे कुनी आसंल त्याला म्हनलं, भायेर जा. पन ते तर धूर बी आत वढतंय."

खरंच... धुराची रेघ वर जायची सोडून खाली वाकत होती आणि दाराखालच्या फटीत शिरत होती. खोली रिकामी, दिवे बंद. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

मग आतली घरघर ऐकू आली. चिमटे तापवायच्या बर्नरच्या धगीने बायका घामाघूम होतात, म्हणून महिन्यापूर्वी मीच भिंतीत एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला होता. रोज सुट्टीत तो चालू करून मी जेवायला जायचे. आत सोडलेल्या गाळीव हवेपेक्षा जास्त हवा तो बाहेर फेकत होता, आणि त्या जागी पॅसेजमधली धुळकट हवा दाराखालून येत होती. दाराजवळचं पहिलं टेबल कमलताईंचं.

मी पॅसेजमधल्या बटणावरून फॅन बंद केला. धूर जरा थबकला... आणि हळूच आमच्याकडे वळला. दोघीही दोन पावलं मागे सरकलो.

त्यांना कमी करायचं मी रद्द केलं आणि सोमवारी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. कमलताई हात धुऊन आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या.

आत कुणीतरी येत होतं, हे बायकांचं खरंच होतं. बोलावणारी मी होते आणि आळ त्यांच्यावर होता. अजूनही घरी उदबत्ती लावली की आधी धूर कुठे जातोय ते बघते... आणि देवाआधी कमलताईंना हात जोडते.