साखरेच्या खडूने काढलेला साप

नातू वाशिमला शाळेत आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांच्या शाळेत मुलांनी फळ्यांवर आणि अंगणातल्या फरशीवर रंगीत खडूंनी चित्रं काढली होती, घरच्यांनी बघायला यावं असा निरोप आला म्हणून मी गेले. मला वाटलं पणत्या असतील, आकाशकंदील असेल. कसलं काय! सगळी व्हिडिओ गेममधली मंडळी. चौकोनी डोक्यांचे सैनिक, उड्या मारणारे ठेंगणे, भिंतीवर भिंत, पायऱ्या, खड्डे. नातू मला समजावून सांगायला लागला, "आजी, इकडून वर चढायचं. इथं चुकलं की धपकन खाली, मग परत पहिल्यापासून." मी म्हटलं, "मला शिकवू नकोस. वर चढायचा आणि खाली पडायचा खेळ मी तुझ्या आधी खडूने काढलेला आहे." त्याला ते खरं वाटेना. मग मी सांगायला सुरुवात केली आणि सापापर्यंत येऊन थांबले. "पुढं काय झालं?" तो विचारत राहिला, आणि मी त्याला रिक्षात बसवलं. पुढचं इथे लिहिते आहे.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव कारंज्याच्या रस्त्यापासून थोडं आत. शाळा सातवीपर्यंत, आणि शाळेला एक लांबलचक ओसरी, काळ्या फरशीची. दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी सातवीच्या वर्गाने त्या ओसरीवर खडूने चित्र काढायचं, असा रिवाज होता. ते चित्र सुट्टीभर कोणी पुसायचं नाही. शाळा उघडली की सातवीच्याच मुलांनी बादल्यांनी पाणी टाकून ओसरी धुवायची. आधीच्या वर्षी हरणं काढली होती, त्याच्या आधी किल्ला. आमच्या घरी दिवाळी होत नसे. बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हापासून ते सणवार संपले होते. सुट्टी मात्र आमचीही होती, आणि ओसरीवरचं चित्रही आमचं होतं. मी तर तिसरीपासून सातवीत जायची वाट बघत होते, ते त्या ओसरीसाठीच.

त्या वर्षी गुरुजी म्हणाले, "हरनं-बिरनं पुरे झाले. सुट्टीत पोट्टे नाल्यावर भटकत राह्यतात, त्याईच्यासाठी खेळ काढा काहीतरी." मग सापशिडी ठरली. काढायचं काम आम्हा दोघींकडे आलं, मी आणि माझी मैत्रीण. वर्गात सगळ्यांत चांगला हात आमचा दोघींचा होता. माझी रेघ सरळ यायची, तिचं रंगकाम बघत राहावं असं. चौथीपासून आम्ही एकाच पट्टीवर शेजारी बसायचो. ती गावातल्या बऱ्या घरची, मारुतीच्या पाराजवळ त्यांचं माडीचं घर. मी त्या घरी ओट्यापर्यंत जात असे. ती आमच्या पुऱ्यात, म्हणजे आमच्या वस्तीत, कधी आली नव्हती. यात काही खटकण्यासारखं आहे, असं तेव्हा मला वाटत नसे. शाळेत आम्ही एकमेकींच्या वेण्या घालायचो, मला तेवढं पुष्कळ होतं.

जत्रेत मिळणाऱ्या सापशिडीसारखी आपली नको, आपल्या गावाची करू, ही कल्पना माझी. खाली एसटीचा थांबा, तिथून खेळ सुरू. सगळ्यांत वर शाळा. मधल्या चौकोनांमध्ये विहीर, पार, पिठाची गिरणी, कापसाच्या गाड्या उभ्या राहतात ती जागा, कोणाकोणाची घरं. थांब्यावरून कारंज्याच्या बाजाराला एक शिडी. दारूच्या भट्टीवर साप, तो गुरुजींनी हौसेने सुचवला. आमचा पुरा खालच्या ओळीत आला, कारण गावातही तो उतारावर, नाल्यापलीकडेच होता. तिचं घर वरच्या ओळीत.

पाटीवर आम्ही हे सगळं आखत होतो तेव्हा तीच म्हणाली, "तुह्या घरून शिडी लावू वं, थेट माह्या घरापर्यंत."

"थेट?"

"थेट! मधात कुठीच थांबा लागत नाई."

मला काय झालं ते आज शब्दांत सांगता येत नाही. नुसता आनंद झाला म्हणणं कमी पडेल. त्या ओसरीवर अख्खं गाव येणार होतं. खेळणारं कोणतंही पोर आमच्या दारात आलं की दुसऱ्या क्षणी तिच्या घरात, ओट्यावर नाही, आत. मी त्या शिडीवर जीव टाकला, असंच म्हणायला हवं. बाकीची चित्रं चुकली असती तरी मला चाललं असतं.

आणि आमच्याकडे एक गुपित होतं. मागे एकदा घरी माझा खडू गुळाच्या पाण्यात पडला होता. ओल्या खडूने मी सहज दगडावर रेघ ओढली, तर ती वाळल्यावर अशी ठसठशीत उमटली की हाताने पुसता पुसेना. गुळाने रंग मळकट यायचा. मैत्रिणीला सांगितलं तर तिने घरून फडक्यात बांधून साखर आणली. आमच्या घरी चहाही गुळाचा व्हायचा, आणि ही मूठभर साखर खडू भिजवायला घेऊन आली! साखरेच्या पाण्यात भिजवलेला खडू म्हणजे काय सांगू, पांढरा शुभ्र दिसायचा. हळद तिने आणली, नीळ मी आणली. कोणालाही सांगायचं नाही, अशी शपथ घातली, आणि गुरुजींनी "एवढा झगझगीत रंग कसा काय?" विचारलं तर दोघी तोंड दाबून हसलो. फक्त मुंग्यांना आमचं गुपित लगेच कळलं. ओसरीवर सगळ्यांत आधी खेळायला त्याच आल्या.

शाळेच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी सगळं होत आलं होतं. आमची शिडी मी कोरड्या खडूने आखून ठेवली होती, ओल्या खडूने गिरवायची राहिली होती. ती सगळ्यांत शेवटी, सावकाश, दोघींनी मिळून काढायची होती. पण कापसाची वेचणी चालू होती, माय रानात, आणि धाकट्या बहिणीला सांभाळायला मला घरी जाणं भाग होतं. मी रेंगाळत होते.

"जाय ना वं," ती म्हणाली. "मी करून ठेवीन पक्की."

"नीळ पायऱ्यांले लावजो."

"लावतो ना. मले काय समजत नाई का?"

मी गेले. मागे वळूनही बघितलं नाही, इतकी निश्चिंत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत सगळ्यांच्या आधी पोचले. ओसरीवर आमच्या घराच्या चौकोनात मी काढलेलं कडुलिंबाचं झाड होतं, दार होतं, दारातली शेळी होती. वर तिचं माडीचं घर होतं. त्या दोन घरांच्या मध्ये शिडी नव्हती. साप होता. तोंड तिच्या घरात, शेपूट आमच्या दारात. म्हणजे जो तिच्या घरापर्यंत चढून जाईल त्याला साप गिळणार, आणि शिक्षा म्हणून तो येऊन पडणार कुठे, तर आमच्या घरी.

मला आधी वाटलं, पोट्ट्यांनी चावटपणा केला. खरं सांगायचं तर मला तसंच हवं होतं. सहावीतली दोन-तीन टारगट पोरं माझ्या डोळ्यांसमोर आलीसुद्धा, त्यांना काय काय बोलायचं तेही मी ठरवलं. मग खाली बसले आणि तळहाताने साप पुसायला लागले. निघेना. परकराचं टोक थुंकी लावून घासलं. थोडी हळद परकराला लागली, साप जागच्या जागी. तेव्हा मी घासायचं थांबवलं. साखरेचा खडू गावात आम्हा दोघींशिवाय कोणाकडे नव्हता.

आणि साप काय काढला होता! खवला न् खवला भरलेला, फण्यावर हळदीचे ठिपके, डोळ्यांत माझी नीळ. घाईघाईत कसातरी ओढलेला असता तर मी म्हटलं असतं, भीतीने काढला, नाइलाजाने काढला. पण ती कितीतरी वेळ तिथे बसली असणार. अख्ख्या ओसरीवर इतकं मन लावून तिने दुसरं काहीही काढलं नव्हतं.

ती आली तेव्हा मी तिला हापशीपाशी गाठलं. "काहून केलं वं असं?"

ती आधी पाणी प्यायली. मग म्हणाली, "आई आली होती डबा घेऊन. तिनं पाह्यलं. म्हने, त्याईच्या घरून आपल्या घरात शिडी कायले? पुसून टाक म्हने."

"मंग पुसाची ना."

"पुसली ना. पन मंग ती जागा खाली दिसे. अन् गुरुजी म्हनत होते ना, साप कमी हायेत म्हून."

"अन् तो माह्याच घरी काहून उतरवला?"

तिला खरंच प्रश्न कळला नसावा. "कुठी तरी उतरवाच लागते ना वं," ती म्हणाली. "तुहं घर तं हायच ना त्याच्यात. नीळ बी लावली मी."

मी त्या दिवसापासून आजपर्यंत हे मनात घोळवत आले आहे. आईने पुसायला सांगितलं, तिने पुसलं, याचा मला राग नाही. कोणतीही पोर आईचं ऐकेल, मीही ऐकलं असतं. चार पायऱ्या पुसल्या असत्या आणि जागा तशीच राहिली असती, तर मी दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी तिच्या वेण्या घातल्या असत्या. पण साप आईने सांगितला नव्हता. साप तिचा स्वतःचा होता. आम्ही दोघींनी लपवून ठेवलेल्या खडूने, माझ्या घरच्या निळीने तिने तो काढला, आणि काढताना तिचा हात कुठेही अडखळला नाही. तिच्या आईचा मला राग यायला हवा होता, तो कधी आलाच नाही. सगळा राग तिचाच आला, कारण विश्वास तिच्यावर टाकला होता.

गुरुजींकडे गेले. माझ्या वहीतली चित्रं दुसऱ्या वर्गांत नेऊन दाखवणारे तेच गुरुजी. त्यांनी कमरेवर हात ठेवून ओसरी पाहिली. मी म्हटलं, "तिथं शिडी होती, गुरुजी." ते म्हणाले, "अगं, खेळ हाय तो. मनाले लावून घ्यायचं नसते." मग वाकून सापाकडे नीट बघितलं आणि माझ्या मैत्रिणीला हाक मारून म्हणाले, "हा तुह्या हातचा ना? लय झकास जमला." ती लाजली. मी प्रार्थनेला जाऊन उभी राहिले. ओसरी धुवायचा विषयच नव्हता, शाळा उघडेपर्यंत तिला कोणी पाणी लावणार नव्हतं.

सुट्टी लागली. मैत्रीण मामाच्या गावाला निघून गेली. ओसरीवर रोज पोरांचा गलका. फोडलेले चिंचोके टाकायचे, जितके पांढरे पडतील तितकी घरं पुढे जायचं. दारूच्या भट्टीवरच्या सापाचं कोणाला काही वाटत नसे. पण तिच्या घरावर कोणी पोचलं की सगळी पोरं आधीच ओरडायला लागायची, "गेला, गेला, पुऱ्यात गेला!" ज्याची सोंगटी खाली यायची तो नाक दाबून धरायचा आणि बाकीचे हसून लोळायचे. नाक दाबायचं कोणी सुरू केलं ठाऊक नाही. हे मी रस्त्यावरून जाताना पाहिलं, आणि मग तो रस्ताच सोडला. पाणी आणायला लांबच्या विहिरीवर जाऊ लागले. मायने विचारलं, इतकी लांब कायले जातं? मी म्हटलं, तिकडचं पाणी गोड आहे.

धाकट्या बहिणीला मी ओसरीकडे जाऊ देत नव्हते. ती अजून शाळेत जात नव्हती, पण आकडे मोजायची तिला भारी हौस. एका दुपारी मी धुणं वाळत घालत होते आणि ती दिसेना. पुऱ्यात सगळीकडे शोधलं, नाल्यावर पाहिलं, शेवटी पाय शाळेकडे वळले.

ती ओसरीवर पोरांच्या मधोमध मांडी घालून बसली होती. हातात चिंचोके, सोंगटी म्हणून बांगडीचा हिरवा तुकडा. सगळ्यांच्या पुढे गेली होती, गाल लाल झाले होते. मला बघून ओरडली, "बाई, मी जितून राह्यली!" तिने चिंचोके टाकले, बोट ठेवून ठेवून घरं मोजली, आणि तुकडा नेऊन माडीच्या घरात ठेवला. पोरांनी एकच गिल्ला केला. तिला काही कळेना. एका मोठ्या पोराने तिचा तुकडा उचलला, सापाच्या अंगावरून घसरवत खाली आणला आणि झाडाच्या, शेळीच्या चौकोनात टाकला. नाक दाबून हसला. बाकीच्यांनी पण नाकं दाबली. त्यांचं पाहून तिनेही, इवल्याशा बोटांनी, आपलं नाक दाबलं.

मग ती वाकून चित्र बघायला लागली. शेळीवरून बोट फिरवलं, दारावरून फिरवलं.

"बाई, हे आपलं घर हाय ना?"

"हो," मी म्हटलं.

तिने बांगडीचा तुकडा उचलून चौकोनाच्या बाहेर ठेवला. "मंग मले नोको तिथं," ती म्हणाली.

त्या घराखेरीज दुसरं कोणतंही घर तिने जन्मल्यापासून आतून पाहिलेलं नव्हतं.