सात पानांचा गुलाब

काकी गुलाबाच्या झाडाजवळ गेल्या की फुलाकडे बघायच्याच नाहीत. वाकून एक पान दोन बोटांत धरायच्या, उलटं करायच्या आणि त्याची पाठ निरखायच्या. मग म्हणायच्या, "फूल कोनीपन दाखवील, बाय. पान दाखव."

वसईत, आमच्या गोखिवऱ्याच्या इमारतीत त्या सकाळी फुलपुड्या द्यायला यायच्या. वाडी भुईगावला, पण लेक गोखिवऱ्यात दिलेली. लेकीकडे फेरी व्हावी म्हणूनच त्यांनी इकडची चार घरं धरली असावीत, असा माझा अंदाज. अशी माणसं तुमच्याही दारात येत असतील. पुडी कडीला अडकवून जातात आणि वर्षानुवर्षं आपल्याला त्यांचं नावही ठाऊक नसतं. मीही सगळ्यांसारखी 'फुलवाल्या काकी'च म्हणायचे.

आमचं घर तळमजल्यावर. खिडकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये चार फुटांची मातीची पट्टी आहे. तिथे गुलाब फुलवायचाच, असा मी चंग बांधला होता. भर थंडीत नर्सरीत गेले आणि सहा कलमं घेऊन आले. एकेक फूल वाटीएवढं. शेजारणी मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायच्या आणि मी हवेत तरंगायचे. जुलैत पानांवर काळे ठिपके आले, मग पानं पिवळी पडली, मग गळाली. ज्याने जे औषध सांगितलं ते मी फवारलं. गणपती आले तेव्हा पट्टीत सहा काट्या उभ्या होत्या.

"रोगाने मेली की औषधाने, एवढं तरी शोधून काढ," नवरा म्हणाला.

काकी हे सगळं रोज बघत होत्या, पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही हा त्यांचा स्वभाव. शेवटी मीच विचारलं.

"थंडीत घेतलीस ना?" त्या म्हणाल्या.

"हो."

"थंडीत सगळेच गुलाब देखने. मुलगी बघायला कोन लग्नाच्या मांडवात जातं? घरात आजारपन असताना जावं. तेव्हा कळतं."

त्यांच्या वाडीच्या कडेला गुलाबांची एक रांग होती. तिला पावसाळाभर औषध नाही, आडोसा नाही, काही नाही. गणपती गेल्यावर ज्याच्या अंगावर पानं शिल्लक, ते झाड पास. पुढची कलमं फक्त त्याच्यावरून. बाकीची झाडं फुलांसाठी ठेवायच्या, पण त्यांचा वंश वाढवायच्या नाहीत. असं करत करत एक गावठी गुलाब त्यांनी निवडला होता. फिकट गुलाबी, फूल बेताचं, पण वास असा की पुडी आली हे दार उघडण्याआधी कळायचं. हे झाड भर पावसातही हिरवंगार असायचं. त्याच्याबद्दल बोलताना काकींचा आवाज उगाचच हळू व्हायचा.

ते कलम मी लगेच मागितलं. लगेच नकारही मिळाला.

"आधी दुसरं जगव. तूपन पास व्हायला पायजेस."

भाद्रपदात त्याच मला नर्सरीत घेऊन गेल्या. प्रत्येक कुंडीपाशी बसायच्या, पान उलटायच्या, पुढे सरकायच्या. अर्ध्या तासाने नर्सरीवाला वैतागला. "काकी, आता काय बघताय? दिवाळीनंतर या, फुलं येतील."

"म्हनून तर आताच आले," काकी म्हणाल्या आणि कोपऱ्यातलं एक खुरटं, लाल फुलांचं झाड उचललं. ते झाड बघून शेजारणींनी आपली वाट पुन्हा सरळ केली.

पण ते जगलं. कसं जगवायचं ते काकींनी शिकवलं. पाणी सकाळी द्यायचं आणि बुडाशी द्यायचं, पानं भिजवायची नाहीत. खाली पडलेलं ठिपक्यांचं पान तिथेच कुजू द्यायचं नाही. आणि दोन झाडांत अंतर किती ठेवायचं? तर, "मधून गेले की माझी साडी अडकली नाय पायजे. जिथून मी जाते तिथून वारा जातो." त्यांनी खरंच चालून दाखवलं. सुकी मासळी कुटून मुळाशी घालायचं तंत्रही त्यांचंच. त्या आठवड्यात आख्ख्या परिसरातली मांजरं आमच्या खिडकीखाली मुक्कामाला आली आणि सोसायटीचं पत्रही आलं. काकींना पत्र वाचून दाखवलं तर त्या पोट धरून हसल्या. "झाडाला शाकाहारी सांगा म्हनावं!"

दुसऱ्या पावसाळ्यात माझं लाल झाड पानांसकट उभं राहिलं, आणि काकींनी गावठी गुलाबाचं कलम आणून दिलं. जंगली गुलाबाच्या खुंटावर डोळा भरलेलं. डोळा म्हणजे फांदीवरचा कोंब, सालीच्या चिमुकल्या तुकड्यासकट अलगद काढलेला. जंगली खुंट चिवट असतो, वसईचं मचूळ पाणीही पचवतो. त्याच्या जोरावर वरचा नाजूक गुलाब जगतो.

दोन वर्षं सगळं छान चाललं. मग माझ्या सासऱ्यांचं मोठं आजारपण निघालं आणि मी बरेच महिने पुण्याला राहिले. काकींनाही गुडघ्यांमुळे येणं होईना. त्या पावसाळ्यात भरतीचं आणि पावसाचं पाणी एकदम भुईगावात शिरलं आणि त्यांच्या वाडीत कितीतरी दिवस तुंबून राहिलं. हे मला तेव्हा कळलंही नाही. परत आले तर आमच्या पट्टीत काकींचा गावठी गुलाब असा माजलेला, की काय सांगू! डोक्याएवढ्या उंच फांद्या, एका पानावर ठिपका नाही. फूल नव्हतं, पण फुलाकडे बघायचं नाही हे मी शिकले होते ना! मी शेणखत घातलं, फांद्यांना आधाराच्या काठ्या बांधल्या. काकींनी बघितलं तर शाबासकी देतील, असं मनाशी म्हणायचे.

थंडीत एका सकाळी काकी आल्या. हातात पुड्या नव्हत्या. लेकीचा हात धरून पायरीवर बसल्या.

"माझं झाड गेलं, बाय. सगळी रांग गेली. खाऱ्या पान्याने मुळंच कुजली." मग म्हणाल्या, "सहा जनांना कलमं दिली होती. पाच घरं फिरून आले. कुठे पार्किंग झालंय, कुठे वाळलंय. तुझं आहे ना?"

"आहे तर! बघाच तुम्ही," मी म्हणाले. केवढ्या तोऱ्यात म्हणाले!

त्या झाडापाशी गेल्या. एक पान हातात घेतलं. या वेळी उलटं केलं नाही. त्याच्या एकाच देठावरची छोटी छोटी पानं एकेक करून बोटाने मोजली.

"सात," त्या म्हणाल्या. "आपल्या गुलाबाला पाच. हा खालचा जंगली आहे."

मी काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं. खुंटाला बुडातून फुटलेले धुमारे काढून टाकायचे असतात. ते मी वाढू दिले होते, खत घालून, काठ्या बांधून. निरोगी आहे म्हणून मी ज्याचं कौतुक करत होते त्यानेच काकींचा गुलाब खाल्ला होता. आणि तोही आता, वसईत दुसरं एकही झाड उरलेलं नसताना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रागावल्या नाहीत. दुखऱ्या गुडघ्यांवर तशाच खाली बसल्या, काटे हातांनी बाजूला करत आत शिरल्या. बराच वेळ गेला. मग आतून आवाज आला, "चाकू आन."

जंगली फांद्यांच्या आत बोटभर काडी जिवंत होती. पाच पानांची. तिच्यावर दोन डोळे होते.

"आता?" मी विचारलं.

काकींनी माझ्या माजलेल्या फांदीची साल नखाने दाबून बघितली आणि पहिल्यांदा हसल्या. "नोकर तू बरा पोसलास. आता त्यालाच कामाला लावू."

त्यांनी फांदीच्या सालीला चीर दिली, काडीवरचे दोन्ही डोळे काढून दोन जागी आत सरकवले, दुधाच्या पिशवीच्या पट्टीने बांधले. डोळ्याच्या खाली पानाच्या देठाचा एवढासा तुकडा मुद्दाम ठेवला होता. "तीन आठवड्यांनी याला बोट लाव. गळून पडला तर डोळा जगला. वाळून चिकटून बसला तर गेला."

ते तीन आठवडे मी कशी राहिले ते मलाच माहीत. एकविसाव्या दिवशी काकी आल्या. पहिला देठ चिकटूनच बसला होता, काळाठिक्कर. दुसऱ्याला बोट लावायचं धैर्य दोघींनाही होईना.

"तू लाव," काकी म्हणाल्या.

मी बोट टेकवलं आणि देठ गळून काकींच्या ओंजळीत पडला. खाली हिरवा, टपोरा डोळा होता. काकींनी तो देठ कपाळाला लावला. मी तर हमसून हमसून रडले.

त्या एका डोळ्याचं झाड झालं, त्याच्यावरून पुढची कलमं झाली. काकींनी वाडीत मातीचा उंच बांध घालून घेतला आणि नवी रांग लावली. मलाही डोळा भरायला शिकवलं. माझे पहिले आठ मेले, तरी त्यांनी मला 'अडानी' एवढा एकच शब्द वापरला.

गेल्या माघात काकी गेल्या. तेराव्याला मी भुईगावला गेले. ओसरीवर पिशव्यांमधली रोपं ओळीने मांडली होती. "आईने सांगून ठेवलंय, येईल त्याला एक रोप द्यायचं," लेक म्हणाली. माणसं भेटून जाताना रोप घेऊन जात होती. मला राहवेना. मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले आणि एकेकाला थांबवून सांगू लागले, बुडातून सात पानांचं फुटेल ते काढून टाका, कितीही चांगलं दिसलं तरी. मी ठेवलं होतं, आणि हे झाड जवळजवळ संपवलं होतं.

रोप घेऊन निघालेल्या एका बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही काकींच्या कोन?"

"त्यांच्याकडून फुलं घ्यायचे," मी म्हणाले. त्या बाईंनी आपल्या रोपाचं एक पान माझ्यापुढे धरून विचारलं, "हे पाचाचं आहे ना, बघा बरं?"

मी डोळे पुसले आणि मोजून दिलं.