मधूचा ट्रेलर सोनगीरलाच

माझा मित्र मधू गेल्याचा फोन त्याच्या मुलाने, निखिलने केला. झोपेतच गेला म्हणे. मला रडू आलं, आणि नळ्या-सुया टळल्या म्हणून बरंही वाटलं... पण महिन्याभराने निखिलने पुन्हा फोन केला, "काका, बाबांचा ट्रेलर तुमच्या प्लॉटवर आणून ठेवाल का?" मी "बघतो" म्हणून फोन ठेवला.

हा ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायची, दोघं झोपतील एवढी खोली. निवृत्तीनंतर मधूने ती हौसेने बनवून घेतली आणि ती घेऊन आम्ही तोरणमाळपर्यंत हिंडलो. पण दोन सहलींच्या मध्ये ट्रेलर ठेवायचा कुठे, यासाठी या गृहस्थाने सगळं धुळं पालथं घातलं. झाडाखाली नको, पक्षी घाण करतात. पत्र्याखाली नको, उन्हाळ्यात आतली गादी भाजून निघते. शेवटी नेऊन लावला कुठे, तर सोनगीरला, बहिणीच्या अंगणात! धुळ्यात माझा प्लॉट रिकामा पडलेला असताना! काखेत कळसा नि गावाला वळसा, असं मी त्याला तोंडावर म्हणालो. तो शांतपणे गाडीची काच पुसत म्हणाला, "तुझ्याकडे लावला तर मी सोनगीरला कशाला जाणार?"

त्याची थोरली बहीण, इंदूअक्का, तिथे एकटी राहते. तब्येतीची चौकशी करायला कोणी गेलं की "माले काय धाड भरनी?" म्हणून उंबऱ्यावरूनच वाटेला लावते. ट्रेलर न्यायला आलेल्या भावाला मात्र तिने कधी जेवल्याशिवाय सोडलं नाही. आता ट्रेलरच हलवला तर तिच्या दारात कोण जाणार, ही माझी धास्ती होती. पण निखिलला नाही कसं म्हणायचं? गेलो.

अक्काने न विचारताच ताट वाढलं. भाकरी मोडत मी चाचरत म्हणालो, "अक्का, ट्रेलर नेऊ का?"

"आठेच राहू दे," ती अंगणाकडे बोट करत म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "मधूले येवाले निमित्त लागे... तुले बी लागीच ना?"

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! केवढं हायसं वाटलं, काय सांगू. तिथूनच निखिलला फोन करून कळवलं, जागा उत्तम आहे, हलवायला नको.

ट्रेलर अजून त्याच अंगणात आहे. येत्या रविवारी त्याच्या टायरांत हवा भरायला सोनगीरला जायचं आहे. हवा अगदी पुरेशी आहे, मी तपासूनच आलोय.