हॉर्नसाठी तोडलेली वायर

जळक्या वायरचा वास आला की मला देवळीच्या बसस्टँडजवळचं ते गॅरेज आठवतं. तिथल्या मिस्त्रीनं माझ्या जुन्या मोटरसायकलला नवी बॅटरी टाकली होती आणि आठवड्यातच ती उतरली. शाळेला उशीर झालेला, उन्हात गाडी ढकलत मी पोचलो आणि गिऱ्हाइकांसमोर, त्यात माझ्या विद्यार्थ्यांचे दोन पालकही होते, ओरडलो, "जुनीच बॅटरी नवी म्हणून देल्ली तू मले! चोर आहेस." मिस्त्रीनं सीट काढली, मीटर लावून गाडी रेस केली. बॅटरीपर्यंत चार्जिंग पोचतच नव्हतं. मग त्यानं सीटखालची वायर ओढली. मोठा हॉर्न बसवताना मीच घरी ती तोडून जोडली होती आणि तो जोड जळून काळा पडला होता. त्यानं जोडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय निघालं?" एका पालकानं विचारलं. "माह्याच हातून वायर ढिली राह्यली होती," तो म्हणाला, "सरले उगाच तरास झाला." मी नुसती मान डोलावली आणि गाडी घेऊन शाळेत गेलो. तो पालक अजून भेटतो, त्या मिस्त्रीकडे गाडी टाकत जाऊ नका म्हणून बजावतो, आणि मी तेव्हासारखीच मान डोलावतो.