रोपलावणीचं गाणं

जपानात नोकरीला असलेल्या लेकीनं काल व्हिडिओ पाठवला. तिथल्या एका खेड्यात भरपावसात बायका गात भाताची रोपं लावत होत्या आणि सगळं गाव त्यांना मानानं बघत होतं. मला पन्हाळ्याखालच्या चिखलात वाकलेली आई आठवली. मी लहान होते; त्या दिवशी ती गायला लागली आणि पावसाची सर धावून आली.

"तुझ्या गाण्यानं पाऊस आला की गं!" शेताची मालकीण आईला म्हणाली. मी फुलून गेले.

मग चहा आला. बाकीच्या बायकांना कप, आम्ही महारवाड्यातल्या म्हणून आईला करवंटी. ती रोजचीच, मला खुपलीही नाही.

"गा की आणि एकदा," मालकीण म्हणाली.

"घसा बसलाय."

एवढं कौतुक होऊनही आई गायली नाही, म्हणून घरापर्यंत मी तिच्यावरच रुसून चालले.